डाळिंबाची मर, बुरशी आणि डीएनए: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या भागातले डाळिंब बागायतदार आमच्या प्रयोगशाळेकडे रोगट झाडाच्या नमुन्यासोबत चिठ्ठी पाठवतात आणि त्या चिठ्ठीत एखादा प्रश्न असतोच. वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं वेगळे प्रश्न विचारतात. दोन्हींतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तेल्यावर तीन-तीन बुरशीनाशकं मारली, तरी डाग वाढतायत. ही बुरशी एवढी चिवट असते का?

तेल्या, म्हणजे डाळिंबाच्या पाना-फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग, ही बुरशीच नाही. तो झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. बरीचशी बुरशीनाशकं बुरशीच्या पेशीतल्या ठरावीक जागी काम करतात. ती जागा जिवाणूच्या पेशीत नसते, त्यामुळे औषध कितीही भारी असलं तरी तिथे त्याला काही करता येत नाही. ताम्रयुक्त औषधं दोघांवरही थोडीफार चालतात आणि गोंधळ त्यातूनच वाढतो.

तपासणी सोपी आहे. डागाची कड ब्लेडने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखी दुधाळ धार बाहेर येताना दिसते. पाच मिनिटांचं हे काम झाल्याशिवाय फवारणी ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. घरच्या घरी बघायचं तर पान उजेडासमोर धरा. तेल्याचा डाग पाणी झिरपल्यासारखा तेलकट दिसतो. फळावर डागाच्या जागी इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर जाते.

तेल्या पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी आणि छाटणीच्या कात्रीने पसरतो. मृग बहारात (पावसाळ्यात येणाऱ्या बहारात) तो जास्त का छळतो, हे यावरून लक्षात येईल. छाटताना एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याआधी कात्री निर्जंतुक करून घ्या.

२. झाडाची एकच फांदी पिवळी पडून वाळली, बाकी झाड हिरवंगार आहे. ही मर आहे का?

बहुतेक वेळा मरीची सुरुवात अशीच होते. मात्र ‘मर’ हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही. आपल्याकडच्या बागांत चार कारणं मुख्य: सेराटोसिस्टिस नावाची बुरशी, फ्युजॅरियम नावाची बुरशी, मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी (मातीतली, डोळ्यांना न दिसणारी बारीक अळी) आणि खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा. सांगोल्याकडे याला पिन होल बोरर म्हणतात आणि त्याने तिथल्या बागांची काय दशा केली, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. अनेकदा ही कारणं एकत्रही येतात: सूत्रकृमी मुळाला जखम करते आणि बुरशी त्या वाटेने आत शिरते.

झाडाच्या बुंध्याजवळचा तुकडा आडवा कापून बघा. लाकडात मध्यापासून बाहेर पसरलेला करडा-तपकिरी, चांदणीसारखा डाग असेल, तर सेराटोसिस्टिसचा संशय घट्ट होतो. मुळं उकरून गाठी आहेत का तेही बघा. खोडावर बारीक भोकं आणि त्यातून आलेला भुसा दिसला तर भुंगेरा आहे. एवढं पाहूनही खात्री होत नसेल, तर नमुना पाठवा.

३. नमुना नेमका कसा पाठवायचा?

या उत्तराला मी मुद्दाम जास्त जागा देते आहे. चुकलेल्या अहवालांच्या मुळाशी यंत्रापेक्षा नमुनाच जास्त वेळा असतो.

पूर्ण वाळलेलं झाड पाठवू नका. मेलेल्या लाकडात मूळ गुन्हेगार संपलेला असतो आणि नंतर आलेल्या वीस बुरश्या तिथे नांदत असतात. नुकतं पिवळं पडू लागलेलं झाड निवडा. त्याच्या मुळाचा आणि बुंध्याचा असा तुकडा घ्या की त्यात निरोगी लाकूड आणि डागाळलेलं लाकूड या दोन्हींची सीमा येईल. बुरशी त्या सीमेवर जिवंत असते आणि आम्हालाही तीच जागा हवी असते.

लाकूड आणि पानं वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि दोन दिवसांत सगळं कुजतं. माती मात्र उलट: ती प्लास्टिकच्या पिशवीतच द्यायची, कारण तिचा ओलावा टिकला पाहिजे. सूत्रकृमी ओलाव्यावर जगते आणि उन्हात वाळवलेल्या मातीत ती मरून गेलेली असते. झाडाच्या घेरातून चार-पाच ठिकाणची, मुळांजवळची माती एकत्र करून अर्धा किलो पुरे. बारीक मुळंही त्यातच असू द्या.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला नमुना शिजून येतो. तो सावलीत ठेवा आणि शक्यतो सोमवारी-मंगळवारी पाठवा, म्हणजे रविवारी पार्सल कुठे अडकून पडणार नाही. नाव-गाव पेन्सिलीने लिहा. ओल लागली की पेनाची शाई पसरते. बिननावाचे तीन नमुने एका खोक्यात आले की कोणता कुणाचा हे सांगता येत नाही.

चिठ्ठीत एवढं हवंच: बागेचं वय, माती कशी आहे (मुरमाड, मध्यम की भारी), कोणता बहार धरलाय, मागच्या महिन्याभरात काय काय फवारलं किंवा आळवणीत (मुळाशी ओतून) दिलं. शेवटची गोष्ट लपवू नका. बुरशीनाशकाची आळवणी झाल्यावर चार दिवसांत घेतलेल्या मुळात बुरशी उगवली नाही, तर त्यातून निष्कर्ष काढता येत नाही.

पाठवण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फोन करून विचारून घ्या. डाळिंबासाठी देशातलं मुख्य संशोधन केंद्र आपल्याच दारात, केगावला आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तिथे २००५ पासून काम करतंय.

४. अहवाल यायला आठ-दहा दिवस का लागतात? तोवर आणखी दोन झाडं जातात.

ही तक्रार रास्त आहे. मात्र बुरशी तिच्या गतीनेच वाढते. लाकडाचे बारीक तुकडे आधी सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिट-दोन मिनिटं बुडवायचे, म्हणजे वरवरच्या बुरश्या मरतात. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचे आणि माध्यमावर ठेवायचे. हे माध्यम अगदी घरगुती वाटेल असं आहे: एका लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि घट्ट होण्यासाठी २० ग्रॅम अगार. ते १२१ अंश सेल्सिअसला दाबाखाली निर्जंतुक करतात. त्यावर बुरशी उगवायला तीन-चार दिवस लागतात. ती वेगळी काढून शुद्ध वाढवायला तेवढेच आणखी जातात.

सेराटोसिस्टिससाठी गाजराची पद्धत वापरतात. संशयित लाकडाची चकती गाजराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून डबा दमट ठेवायचा. ती बुरशी असेल तर आठवड्याभरात गाजरावर काळ्या सुरईसारखी बारीक फळं दिसतात. मान लांब आणि टोकावर बीजाणूंचा चकाकणारा थेंब. डबा उघडला की पिकलेल्या केळ्याचा वास येतो. इतकी वर्षं हे काम करूनही तो वास आला की मन दोन्हीकडे ओढलं जातं: उत्तर मिळालं म्हणून बरं वाटतं आणि ज्याची बाग आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. बाधित झाडाचं पाणी शेजारच्या झाडाकडे वाहू देऊ नका. एकच फावडं दोन्हीकडे वापरू नका.

५. अहवालात ‘फ्युजॅरियम आढळले’ असं आलंय. म्हणजे झाड त्यानेच मेलं ना?

तसंच असेल असं नाही. फ्युजॅरियम जवळजवळ प्रत्येक मातीत असतं. मेलेल्या मुळावर जेवायला येणारी बुरशी आणि मूळ मारणारी बुरशी, दोन्ही त्याच माध्यमावर उगवतात. ‘आढळले’ आणि ‘कारण आहे’ यांत मोठं अंतर आहे.

ते अंतर ओलांडायची रीत रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून ठरलेली आहे. रोगट झाडातून बुरशी वेगळी करा, शुद्ध वाढवा, निरोगी रोपाला द्या, तीच लक्षणं येतात का बघा आणि त्या रोपातून पुन्हा तीच बुरशी मिळते का बघा. यात महिने जातात, त्यामुळे प्रत्येक बागेसाठी हे होत नाही. म्हणून अहवालाची सांगड झाडावरच्या लक्षणांशी घालावी लागते.

मी शिकत असताना एका बागेच्या मुळातून फ्युजॅरियम मिळालं आणि मी ते कारण म्हणून लिहून दिलं. गाजराची चाचणी मी लावलीच नव्हती. साध्या माध्यमावर फ्युजॅरियम भराभर वाढतं आणि सावकाश वाढणाऱ्या सेराटोसिस्टिसला झाकून टाकतं. त्या शेतकऱ्याने माझ्या शब्दावर आळवणी केली आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी एक ओळ गेली. तेव्हापासून मी प्रत्येक मरीच्या नमुन्याला गाजर लावते.

६. पीसीआरने एका दिवसात कळतं म्हणे. मग बुरशी वाढवत बसता कशाला?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या लाखो-कोट्यवधी प्रती काढणं. कॅरी मलिस यांना १९८३ साली ही कल्पना सुचली आणि १९९३ साली त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्या झाल्या की एकाचे हिशेबाने शंभर कोटींच्या वर होतात. प्रत्येक फेरीत मिश्रण ९५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्या उष्णतेत टिकणारं विकर (एन्झाइम) अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूमधून मिळालं आहे.

वेग खराच आहे. पण पीसीआर विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. सेराटोसिस्टिससाठी बनवलेली चाचणी सूत्रकृमीबद्दल अवाक्षर काढणार नाही. माध्यमावर मात्र न विचारलेला पाहुणाही उगवतो. शिवाय पीसीआरला मेलेल्या बुरशीचा डीएनएही सापडतो, म्हणजे उपचार लागू पडला का हे त्यावरून ठरवता येत नाही. दोन्ही चाचण्या हव्यात.

७. पीसीआर निगेटिव्ह आला आणि झाड तरीही मेलं. चाचणी खोटी होती का?

तीन शक्यता तपासा. पहिली, तुकडा चुकीच्या जागेचा होता (प्रश्न ३). दुसरी, कारण वेगळंच होतं (प्रश्न २ आणि ६). तिसरी शक्यता डाळिंबाच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे टॅनिन. डाळिंबाची साल तोंडात धरली की तोंड तुरट होतं, ते टॅनिनमुळे. डीएनए काढताना ते सोबत आलं, तर पीसीआरचं विकर काम करेनासं होतं आणि बुरशी असूनही चाचणी कोरी येते.

म्हणून चांगली प्रयोगशाळा झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचा पीसीआरही सोबत लावते. झाडाचा डीएनए तर नमुन्यात असणारच. तोही उमटला नाही, तर चाचणी फसली असं समजायचं. अहवाल घेताना ‘अंतर्गत कंट्रोल लावला होता का?’ एवढं विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

८. एवढा डीएनए वाचूनही अहवालात बुरशीचं नाव अर्धंच का असतं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा. बुरशीची ओळख पटवण्यासाठी डीएनएचा जो भाग सहसा वाचतात, त्याला आयटीएस म्हणतात. २०१२ साली तो बुरश्यांचा अधिकृत बारकोड म्हणून स्वीकारला गेला. कुळ-गोत्र कळायला तो उत्तम. पण फ्युजॅरियमच्या जवळच्या प्रजातींत तो जवळजवळ सारखाच असतो, तिथे टीईएफ-१ अल्फा नावाचं जनुक वाचावं लागतं. सेराटोसिस्टिसची अडचण उलटी आहे: एकाच बुरशीच्या पेशीत आयटीएसच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रती सापडतात. मग एकाच बुरशीला दोन नावं पडायचा धोका असतो. तिथे अर्धं नाव लिहिणं हेच प्रामाणिक काम आहे.

तुमच्या प्रकल्पात अशी बुरशी मिळाली, तर ती फेकू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे जमा केलेली बुरशी दहा वर्षांनी नाव बदललं तरी पुन्हा तपासता येते.

९. टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे जीएम रोप का?

नाही. टिश्यू कल्चरमध्ये झाडाचा लहानसा भाग बाटलीत वाढवून त्याची हुबेहूब रोपं करतात. माध्यम बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली दिलेलं. जनुकात बाहेरचं काही घातलेलं नसतं. गुटी कलम करता तेव्हा तुम्हीही हेच करता, फक्त मातीत आणि शेवाळात. जीएममध्ये दुसऱ्या जिवाचं जनुक घालतात. भारतात व्यापारी लागवडीत आलेलं जीएम पीक म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस.

१०. मग टिश्यू कल्चरची ‘रोगमुक्त’ रोपं लावूनही तेल्या कसा आला?

रोगमुक्त म्हणजे बाटलीतून निघताना रोग नव्हता, एवढंच. रोगप्रतिकारक हा शब्द वेगळा आहे. भगवा या जातीचं टिश्यू कल्चर रोप हे भगवाच असतं आणि भगवा तेल्याला बळी पडतो. शेजारच्या बागेतून पावसाबरोबर जिवाणू आला, तर रोप त्याला अडवू शकत नाही. तरीही अशी रोपं घ्यावीत असंच मी सांगेन, कारण रोगट बागेतल्या गुटी कलमाबरोबर तेल्या पहिल्या दिवसापासून शेतात येतो.

११. डाळिंबाचा जीनोम वाचून झाला म्हणतात. तरी तेल्याला दाद न देणारी जात का निघत नाही?

डाळिंबाच्या पेशीत गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. ‘ट्युनिशिया’ या मऊ बियांच्या जातीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, साधारण ३२ कोटी अक्षरांचा आहे. ही अक्षरं वाचली म्हणजे पुस्तक छापून हातात आलं. कोणतं वाक्य तेल्याशी लढतं, हे त्यानंतर शोधायचं. त्यासाठी चिवट आणि नाजूक झाडांचा संकर करून शेकडो पिल्लारोपं वाढवावी लागतात, प्रत्येकाला रोग द्यावा लागतो आणि कोणता डीएनए कोणासोबत जातो ते जुळवावं लागतं. डाळिंब हे झाड आहे, ज्वारी नव्हे. एका पिढीलाच काही वर्षं जातात.

दुसरी अडचण अशी की प्रतिकार बहुधा एका जनुकात नसतो. आणि तो रानटी नातलगांत सापडला, तर त्यासोबत आंबट चव, लहान फळ, कडक बी हेही येतं. ते गाळायला पुन्हा पिढ्या लागतात. २०१७ साली केगावहून आलेला ‘सोलापूर लाल’ पाहा: त्याच्या वंशात भगवा आणि गणेश तर आहेतच, पण ‘नाना’ हे बुटकं डाळिंब आणि हिमालयातलं रानटी ‘दारू’ही आहे. त्यात मुख्य भर लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व वाढवण्यावर होता. नात्याचं जाळं किती लांबवर विणावं लागतं, हे त्यावरून कळतं.

आज आपल्या जिल्ह्यातल्या बागा बहुतांश एकाच जातीच्या आहेत आणि त्याही कलमाच्या, म्हणजे डीएनएने जवळपास एकच झाड. मला याची खरी काळजी वाटते. जिवाणूला एका झाडाचं कुलूप उघडता आलं की सगळी दारं उघडी.

१२. माझ्या एका झाडाच्या एकाच फांदीला गडद, मोठी फळं येतात. ही नवी जात म्हणून नोंदवता येईल का?

शक्य आहे, पण घाई नको. फांदीच्या कोंबात जनुकीय बदल होऊन वेगळी फळं येतात, अशा नोंदी फळझाडांत आहेत. मात्र ऊन, खत किंवा फळांची संख्या यांनीही रंग-आकार बदलतो. त्या फांदीचं गुटी कलम करून दहा-पंधरा रोपं दुसऱ्या जागी लावा आणि दोन-तीन बहार बघा. वेगळेपण टिकलं तरच पुढे जा. कधी कधी बदल झालेल्या आणि न झालेल्या पेशींची मिसळ एकाच फांदीत असते. मग काही कलमांत गुण उतरतो, काहींत नाही. नोंदणीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि टिकाऊ असावा लागतो. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही स्वतःच्या नावावर वाण नोंदवता येतो.

डोळस नजरेचं मोल कमी समजू नका. ‘गणेश’ हा वाणही पुण्यात गणेशखिंडीला ‘आळंदी’ जातीच्या रोपांतून निवडूनच मिळाला होता.

१३. ज्वारीचा खडखड्या आणि डाळिंबाची मर, दोन्ही एकाच बुरशीमुळे का?

नाही. खडखड्या मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या बुरशीने होतो. ताट चिरलं की आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे काळे कण दिसतात. ते कण मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ही बुरशी फुलोऱ्यानंतर जमिनीतली ओल संपते तेव्हाच जोर करते, म्हणून रब्बी ज्वारीत जास्त. जनुकांकडून इथे मदत मिळते: दाणा भरताना पानं हिरवी ठेवणाऱ्या जनुकांच्या जागा ज्वारीत सापडल्या आहेत आणि अशी ताटं खडखड्याला कमी बळी पडतात. सोलापुरातल्या रब्बी ज्वारी केंद्रात याबद्दल विचारता येईल.

१४. ट्रायकोडर्माचं पाकीट आणलंय. आतली बुरशी जिवंत आहे हे कसं कळेल?

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी. ती जिवंत आहे का, हे पाकीट बघून कळत नाही. प्रयोगशाळेत पूड पाण्यात पातळ करून माध्यमावर पसरतात आणि उगवलेल्या हिरव्या वसाहती मोजतात. निकषाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत कण हवेत. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेलं पाकीट घेऊ नका, तारीख बघा आणि ओलसर शेणखतात सावलीतच मुरवा. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत देऊ नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं.

धिंगरी अळिंबीची शेड असेल, तर हे खत तिच्या आसपासही नको. बागेतला हा मित्र अळिंबीच्या बेडवर हिरवी बुरशी होऊन येतो आणि पीक खाऊन टाकतो.

१५. पावसाळ्यात बांधावर उगवलेलं भूछत्र डीएनए तपासून खाता येईल का?

तपासणीने नाव मिळेल, खाण्याची परवानगी नव्हे. आणि तपासलेलं एक भूछत्र म्हणजे टोपलीतली सगळी नव्हेत. गवतात उगवणारं पांढरं, मोठं, हिरव्या बीजाणूंचं क्लोरोफायलम खाण्याच्या छत्रीसारखंच दिसतं आणि जोराच्या उलट्या-जुलाब घडवतं. चांदीचा चमचा काळा पडतो का, ही परीक्षा पूर्ण चुकीची आहे. कुणी खाल्लं असेलच, तर उरलेला तुकडा कागदात गुंडाळून रुग्णासोबत दवाखान्यात न्या.

१६. शाळेच्या प्रकल्पासाठी घरी बुरशी वाढवता येईल का?

येईल, आणि जरूर वाढवा. किराणा दुकानातलं चायना ग्रास म्हणजे अगारच. बटाट्याच्या काढ्यात थोडी साखर आणि चायना ग्रास घालून कुकरमध्ये २० मिनिटं शिजवा. शिट्टीवर मोजू नका, दाब धरल्यापासून मोजा. ते निर्जंतुक केलेल्या झाकणाच्या बरणीत ओता. त्यावर पानाचा तुकडा ठेवा, झाकण लावा आणि कडेने चिकटपट्टी मारा.

यानंतर झाकण उघडायचं नाही. काळी ॲस्परजिलस किंवा म्युकर यांचे बीजाणू हवेत उडतात आणि दम्याच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ते बाधू शकतात. चित्रं काढा, रोज वाढ मोजा, फोटो घ्या, सगळं बाहेरून. प्रकल्प संपला की बरणी न उघडता घट्ट कापडी पिशवीत बांधा. मग पिशवीच्या बाहेरूनच झाकण पाव फेरा सैल करा, नाहीतर काच फुटेल. कुकरमध्ये पुन्हा अर्धा तास दाब द्या, गार होऊ द्या आणि मगच टाकून द्या. तो कुकर स्वयंपाकाला घेण्याआधी साबणाने घासून, नुसतं पाणी घालून एकदा उकळून घ्या.